स्वयंपाक करते यांच्याकडे

अत्ते, १९६१ सालच्या जून महिन्याच्या एकोणीस तारखेला, सोमवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, मद्रासच्या नुंगंबाक्कममधल्या एका मुलींच्या कॉलेजच्या व्हरांड्यात, एका ननसमोर उभी राहून तू सांगितलंस की तू आमच्या घरी स्वयंपाक करतेस. वेळ मला पक्की आठवते, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि त्या क्षणी मला कुठेतरी दुसरीकडे बघायचं होतं. या गोष्टीला साठ वर्षं उलटली. तुला जाऊनही चाळीस होतील. तरी माझा राग जिथल्या तिथे आहे, आणि तो कागदावर नीट मांडल्याशिवाय मी काही मरणार नाही.

स्वयंपाक तू करत होतीस, हे मला मान्य आहे. अप्पांची तू थोरली बहीण, एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून भावाच्या घरी परत आलेली. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तेव्हापासून चूल तुझी, मी तुझी, आणि हळूहळू सगळी गल्लीही तुझी झाली. चार वाजले की शाळा सुटलेल्या मुली आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत येतात. थर्ड फॉर्मच्या, म्हणजे आठवीतल्या, दोघी, फोर्थच्या तिघी, आणि मी. तू रगड्यापाशी बसलेली, डावा हात पिठात, उजव्या हाताने दगड फिरवतेस. प्रत्येकीच्या हातावर मूठभर सुंडल, खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, येतं आणि कॉलेजप्रवेशाची लुटुपुटीची मुलाखत सुरू होते. तू प्रिन्सिपॉल. इंग्रजी तुझं दोन-दोन शब्दांचं, शेजारच्या रेडिओवरून आणि आमच्या पाठांतरावरून उचललेलं, पण धाक असा की आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरियरने येऊन शिकावा.

"व्हाय कॉलेज?"

कोपऱ्यावरच्या वकिलाची मुलगी उभी राहते. "अप्पा सांगतात म्हणून, मदर."

"अप्पा सांगतात म्हणून? मग अप्पालाच पाठवाचं. नेक्स्ट!"

ती रडायला लागते आणि तू दगड न थांबवता म्हणतेस, "रडून घे, रडून घे. इथं रडलीस तर सुंडल मिळतं. तिथं रडलीस तर काय मिळेल?"

मी थर्ड फॉर्ममध्ये असताना एकदा शहाणपणाने म्हटलं होतं, की एवढी घाई कशाला, सिक्स्थ फॉर्मला गेले की बघू कॉलेजचं. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं मी मीठ जमिनीवर सांडलं होतं. "पाहुणे दारात उभे राहिल्यावर तांदूळ भिजवते काय कोण?" एवढंच बोललीस, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला माझं पांघरूण ओढलंस, आणि पुढची तीन वर्षं ते रोज ओढत राहिलीस.

तू स्वतः थर्ड फॉर्मपर्यंत शिकलेली. वार्षिक परीक्षेच्या आधीच तुझं लग्न झालं, म्हणजे तेही पूर्ण नाही. पण वकिलाच्या घरून तू कॉलेजचं माहितीपुस्तक मागून आणलं होतंस, त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतंस, आणि दुपारी सगळे झोपले की एकेका शब्दावर बोट ठेवून ते वाचायचीस. त्यातूनच तुला कळलं की फोर्थ फॉर्ममध्ये मुलीने जनरल मॅथेमॅटिक्स घेतलं तर पुढे विज्ञानाची दारं बंद, आणि कॉम्पोझिट घेतलं तर उघडी. कॉम्पोझिट गणितात असतं काय, याची तुला काडीचीही कल्पना नव्हती. पण त्या जूनमध्ये तू पदर खोचून एकेका घरी गेलीस. वकिलाच्या बायकोने म्हटलं, "मामी, मुलीला झेपणार नाही हो ते." तू म्हणालीस, "तुमच्या मुलीला माझं सुंडल झेपतं, गणित का नाही झेपणार?" गल्लीतल्या सगळ्या मुलींच्या फॉर्मवर कॉम्पोझिट आलं. मी रात्री तुझ्या कुशीत तोंड खुपसून म्हटलं, मला जमणार नाही, अत्ते. "मला तरी सगळं जमत होतं म्हणून केलं की काय? कराचं. मग जमतं." याला कोणी उत्तेजन म्हणेल, कोणी दादागिरी. आमच्या वेळी या दोन गोष्टी वेगळ्या मिळत नसत.

सिक्स्थ फॉर्मची, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा झाली आणि कुंभकोणमहून स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घर मोठं, माणसं आपली तंजावरकडचीच. अप्पा वाईट नव्हते, फक्त थकलेले होते. जेवताना त्यांनी ताटात बघतच सांगितलं, "एका कॉलेजला अर्ज करायचा. सीट मिळाली तर शिकेल. नाही मिळाली तर येत्या आवणी महिन्यात लग्न." मी तुझ्याकडे पाहिलं. तू त्यांच्या भातावर रसम वाढलंस आणि म्हणालीस, "सरी," म्हणजे बरं. त्या एका शब्दात तू माझं सगळं आयुष्य पणाला लावलंस, आणि वर पापड हवा का म्हणून विचारलंस.

मुलाखतीच्या दिवशी अप्पांना रजा मिळाली नाही. तू आदल्या रात्री माझी हिरवी दावणी, परकरावर घ्यायची ती अर्धी साडी, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होतीस. स्वतः तुझी ती विटकरी सुती साडी नेसलीस, हातात काही नाही, कपाळावर काही नाही, पायात माझ्या जुन्या चपला. वाटेत मला सगळे प्रश्न पुन्हा विचारलेस. व्हाय कॉलेज. व्हॉट सब्जेक्ट. व्हॉट आफ्टर. हू केम विथ यू. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही तीन वर्षं एकच घोकलं होतं: हे माझे वडील, मदर. वडील आलेच नाहीत तर काय म्हणायचं, याची तयारी तुझ्या त्या कडक शाळेत कोणीच केली नव्हती.

व्हरांड्यात बाकांवर मुली आणि त्यांचे वडील बसलेले. कोट घातलेले वडील, मोटारीतून आलेले वडील. माझं नाव पुकारलं गेलं. नन दारापर्यंत आली, उंच, चेहऱ्याने बरी, मला बघून हसली. मी गुड मॉर्निंग म्हटलं. तिने तुझ्याकडे बघून मला इंग्रजीत विचारलं, या कोण? आणि मी तोंड उघडायच्या आत तू, दोन पावलं मागे सरकून, तमिळमध्ये सांगून टाकलंस: स्वयंपाक करते यांच्याकडे. सोबत आले. ननने मान डोलावली आणि तुला गेटजवळच्या झाडाखाली बसायला सांगितलं. तू गेलीस. मी आत गेले.

आत त्यांनी तुझा एकही प्रश्न विचारला नाही, हेही आता सांगून टाकते. गणितात किती मार्क, बसने येणार की चालत, आणि घरून डबा आणणार का, एवढंच. व्हाय कॉलेज कोणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. तीन वर्षं आम्ही ज्या उत्तरासाठी रडलो, ते आजपर्यंत माझ्यापाशी न वापरलेलं पडून आहे.

सीट मिळाली. बसच्या स्टॉपवर मी तुझ्याशी भांडले. आठवतं? तुझ्या हातात माझे कागद, आणि मी सगळ्यांदेखत ओरडते आहे. "तू खोटं बोललीस. ननशी खोटं बोललीस!"

"खोटं कुठं? सकाळी सांबार कोण केलं?"

"तू माझी अत्ते आहेस."

"अत्ते घरी आहे. तिथं असली बाई अत्ते म्हणून उभी केली असती तर नन म्हणाली असती, हिच्या घरी शिक्षणाचं वातावरण नाही. अन् अशा कपाळाची बाई शुभ कामाला पुढं कशाला? सीट मिळाली की नाही? मग गप्प बैस. बस आली बघ."

मी बसमध्ये चढले. तुला वाटलं विषय संपला. पण खोटं एकदा सांगितलं की ते रोज जगवावं लागतं, हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं, तुला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी पालकांचा दिवस आला, तू आली नाहीस. ती नन ओळखेल म्हणालीस. मला गणिताचं बक्षीस मिळालं, तू आली नाहीस. पदवीदानाला मी काळा गाऊन घालून रांगेत उभी होते, अप्पा नवीन धोतर नेसून पाहुण्यांच्या खुर्चीत अवघडून बसले होते, आणि तू घरी पायसम ढवळत होतीस. चार वर्षांत त्या झाडाच्या पुढे तू पाऊल टाकलं नाहीस. आम्हा सगळ्या मुलींना ज्या इमारतीत ढकललंस, ती तू आतून कधी पाहिली नाहीस. वर्ग कसा असतो, प्रयोगशाळेला वास कसला येतो, हे मी संध्याकाळी सांगायचे आणि तू ऐकताना इतकी रंगायचीस की भात लागायचा.

मी पुढे मद्रासजवळच्या आवडी गावी कारखान्यात लागले, डिझाइन ऑफिसात, पुरुषांच्या घोळक्यात एकटी बाई. तिथे माझ्या जिभेला सगळे घाबरत. ती जीभ तुझी आहे. निवृत्त होऊन आता वीस वर्षं झाली, अजून इथेच आवडीत राहते. गेल्या शनिवारी जवळच्या शाळेने मला बोलावलं होतं, नववी-दहावीच्या मुलांना कॉलेजची तयारी कशी करायची ते सांगायला. मी त्यांना तुझंच सगळं सांगितलं, तांदूळ भिजवण्यासकट. मुलं हसली. मुलींनी वहीत लिहून घेतलं. भाषण अर्ध्यावर आलं असताना नववीतली एक मुलगी उशिरा आली. तिच्याबरोबर एक म्हातारी होती, हातात भाजीची पिशवी, अनवाणी. म्हातारी दारातच थबकली आणि म्हणाली, मी बाहेर बसते. मुलीच्या तोंडात बिस्किट होतं. ते न काढताच तिने म्हातारीच्या दंडाला धरलं, आत ओढलं, पहिल्या रांगेतल्या मुलाला म्हणाली, "सरक रे, माझी पाट्टी आहे," आणि आजीची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून दिली. वांगी होती. एका सेकंदाचं काम होतं ते. तिला त्यात काही विशेष केल्यासारखंही वाटलं नाही. मी पुढे काय बोलत होते ते मला आठवेना.

घरी आल्यावर मला संताप आला, आणि नेहमीप्रमाणे मी तो तुझ्यावर काढायला बसले. चार पानं झाली तेव्हा लक्षात आलं की मी एक गोष्ट टाळून लिहिते आहे.

मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस, असं वर लिहिलं आहे. ते खरं नाही. ननने विचारलं आणि मध्ये बराच वेळ गेला. मला इंग्रजी येत होतं, तुला नव्हतं. प्रश्न मला होता. ही माझी अत्ते, माझ्या वडिलांची बहीण, हिनेच मला शिकवलं: एवढं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी त्या कोटवाल्या वडिलांकडे पाहिलं, तुझ्या पायातल्या माझ्या जुन्या चपलांकडे पाहिलं, आणि मग घड्याळाकडे पाहिलं. तू थांबलीस, मी बोलते का ते बघितलंस, आणि मी बोलत नाही म्हटल्यावर मला सोडवलंस. तू ते म्हणालीस तेव्हा मला हायसं वाटलं, अत्ते. आणि त्यानंतर चार वर्षं रोज मी त्या ननच्या समोरून जात होते. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते कपाटात कपड्यांखाली जाईल. पण तक्रार तक्रारच असते. एवढंच सांग: मी बोलणार नाही, हे तुला घरून निघतानाच ठाऊक होतं, की तिथे व्हरांड्यात कळलं? मला लेखी उत्तर हवं आहे, या महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत.