थांबणीच्या पाण्याची तळटीप

६ जानेवारी, सकाळी ७
संकल्प : प्रबंध याच वर्षी संपवायचा. 'मावळातील जुने पाणवठे'. नोंदणीला नऊ वर्षं झाली, पण घाईघाईचं संशोधन मला पटत नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक संदर्भाला लेखक, शीर्षक, लिंक, पाहिल्याची तारीख. या बाबतीत कॉलेजातली मुलं मला टरकून असतात. असायलाच हवीत.

१७ जानेवारी
सोनं सापडलं! एक ब्लॉग. कार्ल्याच्या हिराबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी गावच्या पाणवठ्यांबद्दल जे जे सांगितलं ते सगळं, त्यांच्याच बोलीत. 'थांबणीचं पाणी' हा झरा कुठल्याच पुस्तकात नाही. कॉपी, पेस्ट, थोडं शुद्धलेखन. चाळीस पानांचं प्रकरण दोन दिवसांत होईल. लेखकाचं नाव कुठे दिसलं नाही.

१८ जानेवारी
मानसीने चहा ठेवता ठेवता पान खाली सरकवून नाव दाखवलं. अनघा! मी शिकवतो त्याच एम.ए.च्या वर्गातली. हिराबाई तिची आजी. आता विद्यार्थिनीचा ब्लॉग संदर्भात कसा द्यायचा? परीक्षक हसतील. मानसी म्हणाली, दे की नाव, त्यात काय. बायकोला संशोधनातलं कळत नाही.

२ फेब्रुवारी
तळटीप सुचली : 'प्रत्यक्ष मुलाखत, हिराबाई, कार्ले. संशोधकाने तीन दिवस त्यांच्या घरी मुक्काम केला.' मनाने मी तिथेच होतो. छप्पन सालच्या धर्मांतराआधी त्यांच्या वस्तीतल्या बायकांना झऱ्याला हात लावू देत नसत, दुसऱ्या कुणी पाणी ओतेपर्यंत ताटकळावं लागे, हा भाग गाळला. उगाच वाद नको. त्याऐवजी 'उन्हाळ्यातही पाणी थांबून राहते, म्हणून हे नाव.' अख्ख्या प्रकरणात हे वाक्य पूर्णपणे माझं.

१० एप्रिल
प्रबंध जवळजवळ तयार. आणि आज अनघाचा एम.ए.चा प्रकल्प तपासायला आला. विषय : थांबणीचं पाणी! तो पास झाला तर माझी पंचाईत. नशिबाने एका लिंकपुढे पाहिल्याची तारीख नव्हती. नापास.
केबिनमध्ये आली. म्हणाली, "सर, ती लिंक माझ्याच ब्लॉगची आहे. मी रोजच पाहते." म्हटलं, नियम तो नियम. रडली नाही. हल्लीच्या मुलांना अभ्यासाची तळमळच नाही.

२० जून
अनघा म्हणे लोणावळ्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला लागली. वर्ष गेलं तिचं. पण इंग्रजी सुधारेल.

१४ नोव्हेंबर, दुपारी ३
पुण्यात व्हायवा. फत्ते! बाहेरचे परीक्षक मुकुल सर म्हणाले, हिराबाईंची मुलाखत हा प्रबंधाचा प्राण आहे. गाईड सरोजिनी मॅडमनी पेढे मागवले. मुकुल सर गाडीने मुंबईला निघालेत, मला लोणावळ्याला सोडणार. अहवालावरची सही उद्या. फॉर्मॅलिटी.
— डॉ. अनंत

तोच दिवस, संध्याकाळी ७
कामशेत गेल्यावर मुकुल सर म्हणाले, वाटेवरच आहे तर हिराबाईंना भेटू. मी म्हटलं, त्या आजारी असतात. ते म्हणाले, मग भेटायलाच हवं. मी म्हटलं, रस्ता खराब आहे. आम्ही हायवेवर होतो.
दारात केरबा, अनघाचे वडील. आत खाटेवर हिराबाई. मुकुल सरांनी विचारलं, "मावशी, हे सर तुमच्याकडे तीन दिवस राहिले होते ना?"
बाईंनी मला निरखून पाहिलं. "न्हाई बा. ह्यास्नी आज पयल्यांदाच बगतीया. पर बसा की. च्या घेनार न्हवं?"
वय झालंय, असं मी हळूच सरांच्या कानात सांगितलं. मग सरांनी झऱ्याचं विचारलं. बाई अर्धा तास बोलल्या. कोण कुठल्या दिवशी काय म्हणालं, सगळं नावानिशी. "पानी कुटलं थांबतंय? आमी थांबायचो. उनात. कुनी वरनं वतंल तवा घागर भरायची."
केरबांनी माझ्या हातात कप दिला. "आमच्या अनघाला तुमीच नापास केलं न्हवं, सर?"
मुकुल सरांनी आपला कप खाली ठेवला. लोणावळ्यात मला उतरवून त्यांनी गाडी मुंबईऐवजी परत पुण्याकडे वळवली. दमले असावेत.

३ डिसेंबर
विद्यापीठाचं पत्र. प्रबंध रद्द. अनघाचा प्रकल्प दुसरे परीक्षक तपासणार. मी आजी आणि नातीला लेखी माफीनामा द्यायचा, सरोजिनी मॅडममार्फत. एका पानाचं काम. दहा मिनिटांत पाठवला. मनात आणलं तर माझा हात भराभर चालतो.

९ डिसेंबर
अनघा पास झाली. पहिला वर्ग. पीएच.डी.च्या प्रवेशाची मुदत मात्र ऑगस्टमध्येच संपली, असं मानसी म्हणाली. आठवडाभरात माझ्याशी तेवढंच बोलली.
माफीनामा परत आला. मॅडमनी सॉफ्टवेअरमधून तपासला म्हणे. एक्याऐंशी टक्के मजकूर महाबळेश्वरच्या कुठल्याशा हॉटेलच्या वेबसाइटवर सापडला. 'आपल्या वास्तव्यात झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' इथपर्यंत तसाच. खाली त्यांनी पेनने लिहिलंय : स्वतःच्या शब्दांत लिहा, अनंतराव.
सकाळपासून बसलोय. 'मी' एवढं झालंय.