तुझी पैलवान

आई, परवा दवाखान्यात एक शाळकरी मुलगी आली होती. हॉकी खेळताना खांद्यावर पडलेली. मी तिचा हात हळूच वर उचलला तर तिने डोळे मिटून घेतले, आणि दुखतंय की नाही ते न सांगता एवढंच विचारलं, "पुन्हा खेळता येईल ना मला?" तिच्या आईने "ते नंतर बघू" म्हणून तिला गप्प केलं. मी मात्र तिचा हात तसाच धरून जरा थांबले. हा प्रश्न मी आधी ऐकला होता, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आपल्या साउथहॅम्प्टनच्या किचनमध्ये, आणि उत्तर द्यायला समोर तू होतीस. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी मुलं तुला फोटोतच ओळखतात. इथे लंडनला, पिनरच्या घरात, रोज मराठी बोलायला कुणी नाही, त्यामुळे काही शब्द चुकतील. तू नेहमीसारखी मध्येच दुरुस्त करू नकोस, पुढे ऐक.

शनिवारी दुपारी टीव्हीवर कुस्ती लागायची, आठवतं? बाबा पेपरच्या आडून म्हणायचे, "फिजिओथेरपिस्ट बाई, सगळी नाटकं आहेत ती." तू तिकडे लक्षच द्यायची नाहीस. उसळीचा कांदा चिरता चिरता सुरी घेऊन तशीच बाहेर यायचीस. "बघ, बघ, आता हा पट काढणार." आणि तो खरंच वाकून समोरच्याचे पाय ओढायचा. कोल्हापुरात तुझे वडील वस्ताद होते. डावांची नावं तू त्यांच्या तोंडून, त्यांना जेवायला वाढता वाढता शिकलीस, पण तालमीत पाऊल टाकायला तुला कधी मिळालं नाही. बायकांनी आत यायचं नसतं, एवढंच. तू हे तक्रारीच्या सुरात सांगायची नाहीस. आमच्या शाळेला मैदान नव्हतं, असं कुणी सांगावं तसं सांगायचीस.

ती जपानी पैलवान मुलगी आपल्या घरी आली तेव्हा मी चौदाची असेन. जपानमधल्या एका कुस्तीच्या कंपनीत ती होती. होतकरू मुलींना ते वर्षभर परदेशी धाडायचे, पक्कं व्हायला. इथे एका फिरत्या कंपनीबरोबर ती व्हॅनमधून समुद्रकाठच्या गावांचे हॉल पालथे घालत होती. काही कौन्सिलं बायकांच्या कुस्तीला हॉल द्यायचीच नाहीत, म्हणून जिथे मिळेल तिथे. आपल्या गावात खेळताना ती रिंगच्या दोरांवरून बाहेर फेकली गेली आणि तिचा खांदा निखळला. दुसऱ्या दिवशी व्हॅन पुढच्या गावाला गेली. ती, तिची सुटकेस आणि गळ्यात अडकवलेला हात, एवढंच मागे राहिलं. तुझ्या हॉस्पिटलमधल्या सर्जनने तिला सांगितलं होतं की आता दुसरं काहीतरी काम शोध.

त्या संध्याकाळी तू डबा ओट्यावर ठेवलास आणि कोट न काढताच म्हणालीस, "अहो, आपली ती छोटी खोली, बॉक्सरूम, रिकामीच आहे ना?"

"कोण येतंय?"

"एक पोरगी आहे. कुस्ती खेळते."

बाबांनी चष्मा काढला. "पैलवान ठेवायची घरात? खाणार किती ती?"

"तुमच्यापेक्षा कमीच," तू म्हणालीस, आणि विषय संपला.

मला वाटलं होतं कुणीतरी धिप्पाड बाई येईल. आली ती माझ्याच उंचीची, गोल चेहऱ्याची, चोविशीची मुलगी. दारातच तिने बूट काढून सरळ लावले, तेवढ्यावर तू खूष. मी आता ते किचन पुन्हा बघते आहे. खिडकीवर वाफ धरली आहे, ताटात पिठलं-भात आहे, ती डाव्या हाताने चमचा कसाबसा सांभाळते आहे. अर्ध्या जेवणात ती चमचा खाली ठेवते आणि तुझ्याकडे बघते. "डॉक्टर से, फिनिश. यू से?" तू हात धुतेस, पुसतेस, तिच्या मागे उभी राहून खांद्यावर बोटं ठेवतेस आणि डोळे मिटतेस, जणू कानांनी ऐकते आहेस. मग म्हणतेस, "डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. मी तुला बघणार. मी सांगेन तेवढंच करायचं, एक दिवसही आधी नाही. मग मी सांगेन फिनिश की नाही." घरात तू मराठीच बोलायचीस, म्हणून मी ते तिला इंग्रजीत सांगितलं. तिने मान खाली घातली आणि उरलेला भात संपवला.

तिच्या पुढ्यातच मी शहाणपणा केला होता. शाळेत सगळे म्हणायचे तेच मी मराठीतून म्हटलं, "पण आई, ते सगळं खोटंच असतं ना? कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं." तू रागावलीस की तुझी पुण्यात शिकलेली भाषा गळून पडायची. "आणि खांदा? खांदा खोटा निखळला व्हय गं? कोण पडणार ते ठरलेलं असंल. पडायचं तर खरंच असतंय न्हवं?" ती चपापून आळीपाळीने आपल्या दोघींकडे बघत राहिली. त्यानंतर ते वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

सगळा हिवाळा तू तिला रबरी पट्टा ओढायला लावलास. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दुखलं की थांबायचं, उद्या तिथून पुढे. ती घाईला यायची, कारण तिच्या कंपनीचा नियम होता की मुलगी सव्वीस वर्षांची झाली की निवृत्त. खेळ कितीही चांगला असो. हे ऐकून तू लाटणं हातात धरून म्हणाली होतीस, "सव्वीस? सव्विसाव्या वर्षी तर मी इथं आले, बर्फ पहिल्यांदा बघितला!" एकदा कामावरून लवकर आलीस तर ती मागच्या बागेत जुनी गादी टाकून पडायचा सराव करत होती. तू तिला जे बोललीस त्यातलं एक अक्षर तिला कळलं नाही. ती ताठ उभी राहून ऐकत होती. तू आत गेल्यावर तिने मला विचारलं, "व्हॉट आई से?" घरात सगळे म्हणतात म्हणून तीही तुला आईच म्हणायची.

"शी सेज यू आर अॅन इडियट."

"येस," ती गंभीरपणे म्हणाली, आणि गादी उचलून शेडमध्ये ठेवून आली.

वसंतात एके दिवशी तू तिचा हात चहूकडे फिरवून पाहिलास आणि नुसतं म्हणालीस, "आता पड." ती त्या ओल्या गवतावर पडली, उठली, पुन्हा पडली. किती वेळ पडत होती कोण जाणे. बाबासुद्धा चहाचा कप घेऊन बागेत आले होते.

पुन्हा उतरली ती बोर्नमथच्या एका हॉलमध्ये. बाबांनी गाडी काढली, कुरकुरत का होईना. पुढच्या रांगेतल्या गोऱ्या म्हाताऱ्या पर्स उगारून ओरडत होत्या, मीही ओरडत होते. तू मात्र नुसती तिच्या खांद्याकडे बघत होतीस. तिचा हात पिरगळला गेला की तुझा खांदा आपोआप पुढे सरायचा. ती हरली. तरी तू आत गेलीस, सगळ्यांदेखत तिचा खांदा चाचपलास, आणि तेव्हा कुठे हसलीस. "हरली तर हरली. खांदा जागच्या जागी आहे." महिन्याभराने ती जपानला परत गेली. सुटकेसमध्ये तू दिलेली कांदा-लसूण चटणीची बरणी, चार पिशव्यांत गुंडाळलेली. विमानतळावर ती तुझ्यापुढे इतकी खोल वाकली की लोक बघायला लागले. तू तिला सरळ केलंस आणि पोटाशी धरलंस.

मग एका नाताळात तिचा फोन आला. सव्वीस झाली. फिनिश. आता ती एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवते, हातमोजे घालून, येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्कार करत. तू फोनवर ओरडायचीस, लांबचा फोन म्हणून. "कोण म्हणतं फिनिश? कंपनी? तुझा खांदा कंपनीला कळतो की मला?" तिकडे ती हसली की रडली ते मला लाइनवर नीट कळलं नाही. तू मात्र फोन ठेवताना बजावलंस, "व्यायाम सोडू नकोस. लिफ्टमध्ये कुणी नसेल तेव्हा कर." आणि आई, ती खरंच करायची. पुढे तिने दाखवलंसुद्धा कसं ते, एका हाताने बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने कठडा ओढायचा. पाच वर्षं.

नव्वदच्या दशकात तिकडे नव्या कंपन्या निघाल्या, त्यांना वयाचा नियम नव्हता. एक दिवस पोस्टाने व्हिडिओ कॅसेट आली. आपल्या मशीनवर लावली तर नुसत्या पट्ट्या धावायला लागल्या, तिकडची पद्धत वेगळी. तू ती कॅसेट पर्समध्ये घालून ट्रेनने लंडनच्या एजवेअरला नेलीस, तिथल्या गुजराती दुकानदाराकडे, जो लोकांच्या अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या लग्नाच्या कॅसेट बदलून द्यायचा. त्याने तुला विचारलं, "कुणाचं लग्न, बेन?" तू म्हणालीस, "माझ्या मुलीची कुस्ती आहे." मी तेव्हा मेडिकलला होते, सुट्टीत घरी आलेले. आपण तिघं सोफ्यावर बसून बघतो आहोत. ती आता एकतीस वर्षांची आहे, जाडजूड झाली आहे, चेहऱ्यावर भीती कुठेच नाही. ती दोरांवर चढते, त्याच खांद्यावर उलटी येऊन पडते, उठते. शेवटी तिच्या कमरेला चॅम्पियनचा पट्टा बांधतात आणि ती कॅमेऱ्यात बघून दोन्ही हात कानांवरून सरळ वर नेते, तू शिकवलंस तसे. "बघा, पूर्ण जातोय हात," तू बाबांना म्हणतेस. बाबांनी कॅसेट मागे घ्यायला लावली.

मला सगळ्यात आवडतो तो त्यानंतरचा एक दिवस. ती इकडे दौऱ्यावर आली, आपल्या गावच्या खेळांच्या मोठ्या हॉलमध्ये. दुपारी रिंग नुकतंच उभारलं होतं, हॉल रिकामा. आपण तिला भेटायला गेलो तर तिने दोर खाली दाबून धरला. "आई, कम." तू पन्नाशीची, गुडघे कुरकुरणारी. बाबा म्हणाले, "अगं, कंबर सांभाळ!" तू बूट काढलेस, वाकून रिंगच्या कापडाला हात लावलास, तो कपाळाला नेलास, आणि आत गेलीस. तिने तुला पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी, तळहात जोरात जमिनीवर. पहिल्यांदा पडलीस तेव्हा एवढा आवाज झाला की कोपऱ्यातला सफाईवाला धावत आला, आणि तू छताच्या दिव्यांकडे बघत हसत पडून होतीस. मग तू तिला म्हणालीस, "आता मी दाखवते." तिचा हात खांद्यावरून पुढे ओढलास, वाकलीस, आणि आई, चॅम्पियन तुझ्या पाठीवरून उडून धाडकन पडली. "धोबीपछाड!" तू हॉलभर ऐकू जाईल असं ओरडलीस. मग संशय येऊन मला म्हणालीस, "विचार तिला, मुद्दाम पडली ना?" मी विचारलं. पाठ चोळत तिने विचार केला. "हाफ," ती म्हणाली. "हाफ मी. हाफ आई." तुला ते उत्तर इतकं पटलं की गाडीत घरी येईपर्यंत तू ते पुन्हा पुन्हा म्हणत होतीस.

यापुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी ती शेवटच्या दौऱ्यावर आली. या वेळी निवृत्ती कुणी लादलेली नव्हती, तिची तिने ठरवली होती. आता मुलींना कुस्ती शिकवणार म्हणाली. मी आणि बाबा त्याच हॉलमध्ये गेलो. त्यांच्या कुस्तीत रिवाज आहे, रिंग कायमचं सोडून गेलेल्या माणसासाठी घंटा वाजवतात, सावकाश, एकेक टोल, आणि सगळे उभे राहतात. खेळ सुरू व्हायच्या आधी तिने मला आत बोलावलं. घंटा तुझ्यासाठी वाजवायची होती. निवेदक कागद-पेन घेऊन उभा होता, नाव काय, स्पेलिंग काय विचारत. मी सांगितलं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग दिवे मंद झाले, ती पट्टा काढून हातात घेऊन मधोमध उभी राहिली, आणि त्याने तुझं नाव मोठ्याने उच्चारलं, पहिल्यांदा अडखळत, दुसऱ्यांदा स्वच्छ. लोकांना तू कोण ते ठाऊक नव्हतं, तरी अख्खा हॉल उभा राहिला. इथेही पुढच्या रांगेत पर्सवाल्या म्हाताऱ्या होत्या, त्यासुद्धा. शेवटचा टोल विरला तसा ती वर बघून हसली, आणि मग अशी खेळली, आई, की काय सांगू. जिंकली.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, मुलांनाही दाखवायची नाही. पण एक गोष्ट तुला सांगायला हवी. त्या माणसाला मी दिलं ते नाव तुझ्या लग्नातलं नव्हतं, हॉस्पिटलच्या बिल्ल्यावरचं नव्हतं, बाबा हाक मारायचे तेही नव्हतं. मी तुझं माहेरचं नाव दिलं, मागे वस्तादांचं नाव लावून. बाबांना विचारलं नव्हतं. त्यांना राग आला असेल का, हे मी त्यांनाही कधी विचारलं नाही. एवढंच ठाऊक आहे की ते नाव ऐकताच त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि आमच्या रांगेत सगळ्यात आधी तेच उभे राहिले.