तुझ्या मापाचे ब्लाउज

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १४ नोव्हेंबर २०२४

चि. अंबू हिला गोजरअक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे मजेत आहोत. तुझे दाजी गुडघ्याला तेल चोळतात आणि त्याच हाताने टीव्हीचा रिमोट धरतात. त्यामुळे गुडघा आहे तसाच आहे, रिमोट मात्र गुळगुळीत झालाय. दिवाळीत ब्लाउजचं शिवणकाम इतकं आलं की या वर्षी चकली शेजारणीकडून विकत घेतली. तुमची काळी शेळी व्यायली का? शिवराजच्या ज्वारीला पाणी मिळालं का? सगळं सविस्तर कळव.

पत्र बघून हसशील. फोन असताना अक्काला हे काय सुचलं! पण फोनवर तू नीट बोलतच नाहीस. फोन तुझ्या लेकाचा. तो स्पीकर लावून कट्ट्यावर ठेवतो आणि निम्मी गल्ली आपलं बोलणं ऐकते. मग मी काही विचारलं की तू 'बघू' म्हणून मोकळी. आमची पायल उद्या स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला येतेय, म्हणून तिच्या हाती ही पिशवी आणि पत्र देतेय. सून असली तरी तिनं ते वाचलेलं नाही.

बातमी अशी की आमच्या गल्लीतली पूनम डिसेंबरात बायकांची सहल काढतेय. म्हैसूर आणि उटी. नुसत्या बायका, नवरे घरी. हे ऐकून तुझे दाजी आधी घाबरले, मग कुकर कसा लावायचा ते विचारायला लागले. पूनमची अट एकच आहे, माणशी एक बॅग आणि तीही सीटखाली मावणारी.

आता तूच सांग, एका बॅगेत काय काय कोंबायचं? म्हैसूरला ऊन, उटीला म्हणे तोंडातून वाफ निघते. सोलापूरच्या माणसाला थंडीचे कपडे काय ठाऊक! मी आपल्या सवयीनं दोन चादरी काढल्या. अंथरायला, पांघरायला, बसच्या खिडकीला लावायला आणि कुणी ओळखीचं भेटलंच तर द्यायला. पायलनं बॅग उचलून बघितली आणि म्हणाली, "आई, सहलीला निघालाय का दुकान टाकायला?" चादरी परत कपाटात गेल्या. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यांना मात्र मी हात लावू दिला नाही.

मग पायलनं पलंगावर सगळं मांडलं. ती म्हणते, साड्या तीनच घ्यायच्या, पण अशा की कुठल्याही साडीवर कुठलाही ब्लाउज चालला पाहिजे. बसमध्ये बसायला एक सिंथेटिक, चुरगळत नाही आणि रात्री धुतली तर सकाळी वाळते. उन्हाला एक सुती. आणि राजवाड्यापुढे फोटो काढायला एक इरकल. वरून करड्या रंगाचा एकच स्वेटर, पुढून बटणांचा, म्हणजे तिन्ही साड्यांवर चालतो. इतकी वर्षं दुसऱ्यांचे ब्लाउज शिवतेय, पण स्वतःच्या कपड्यांचा असा विचार मी कधी केला नव्हता. मला तर खेळच वाटला. ही साडी त्या ब्लाउजवर, तो ब्लाउज या साडीवर, दुपार कशी गेली कळलं नाही.

तेव्हा तुझी फार आठवण आली. आपण चौघं गोकर्णला गेलो होतो, तेव्हा तू केवढं ट्रंकभर सामान घेतलं होतंस! त्यातल्या दोनच साड्या नेसलीस, कारण बाकीच्या तळाशी होत्या आणि उपसायचा कंटाळा. तुझे बिरप्पा ती ट्रंक डोक्यावर घेऊन चालताना काय म्हणाले होते? "अक्का, हिला देव बघायचा हाय का देवाला साड्या दावायच्यात?" तू रस्त्यातच हसत खाली बसली होतीस.

बरं, पिशवीत चार ब्लाउज आहेत ते बघ. रंग कसे वाटतात ते सांग, असं मी लिहिणार होते. पण तू घालून बघशीलच आणि घातलेस की तुला कळेलच, तेव्हा आधीच सांगते. ते माझे नाहीत. मी घालायला गेले तर ते कोपरावरच अडकतील. चारही तुझ्या मापाचे आहेत, तुझ्या ट्रंकेतल्या रंगीत साड्यांवर चालतील असे. माप घ्यायला तू आली नाहीस, पण तुझं माप मला विचारावं लागत नाही. थोडी वाळली असशील असं धरून शिवलंय. शिलाईत कापड जास्त ठेवलंय, उटीला जाऊन जाडी झालीस तर उसवून देईन.

बिरप्पांचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, चल जरा कुठंतरी जाऊन येऊ. तू म्हणालीस, "मला आता कुटं जायाचंय अक्का, आन काय नेसून?" जायचं कुठं याचं उत्तर मिळालं. काय नेसून, याचं उत्तर शोधायला मला इतके महिने लागले.

तुला वाटेल, शिवराजला काय वाटेल. अगं, त्याचाच फोन आला होता. "मावशी, तुमीच घिऊन जावा की आईला. आमी लई सांगितलं, ऐकतच न्हाय." तुझ्या घरात तुला कुणी अडवलेलं नाही. त्या दोन तपकिरी साड्या तुझ्या तूच धरून बसली आहेस. मागे एकदा तू मला म्हणाली होतीस, "रंगीत नेसलं की वाटतंया, मी त्यास्नी इसरले." तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले.

म्हणून आधी मी एक युक्ती केली. त्यातला एक ब्लाउज दोन्ही बाजूंनी घालता येईल असा शिवला. एका बाजूनं करडा, दुसरीकडून मोरपंखी. हुकाऐवजी नाडी लावली. अक्कलकोटातून निघताना करडी बाजू वर ठेवायची आणि विजापूर मागं पडलं की उलटा करून मोरपंखी. स्वतःच्याच हुशारीवर मी इतकी खूश झाले की दाजींनाही दाखवला. पायलनं तो हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाली, "शिलाई मस्तच आहे आई. पण मावशी लपवणार कुणापासून?"

मी कात्री घेतली. मग बसले आणि सगळं करडं कापड उसवून काढलं. आतून साधं अस्तर लावलं. आता तो एकाच बाजूनं घालता येतो, आणि ती बाजू मोरपंखी आहे.

अंबू, तुझं दुःख मी बॅगेत भरून कुठं सोडून येणार नाही, तसं सुटतही नसतं. पण मला तू हवी आहेस. तुझ्याशी बोलताना हल्ली मी शब्द चाचपून बोलते, गोकर्णाचं नाव काढायलाही भिते. आपण दोघी अशा कधी नव्हतो. मला तुझ्याशी बसमध्ये खिडकीवरून भांडायचंय. बिरप्पांच्या गोष्टी काढून पोट दुखेपर्यंत हसायचंय, आणि मध्येच रडू आलं तर रडायचंय. तिथं आपल्याला ओळखणारं कोण आहे!

पूनम काल नावं लिहून घ्यायला आली होती. माझं झालं, मग मी तुझं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, पूर्ण नाव सांगा. सौ. लिहू की श्रीमती?" मी म्हटलं, त्यातलं काही नको, नुसतं नाव लिही. अंबुबाई बिरप्पा कोळेकर. अगं, तू म्हैसूरला जा नाही तर काशीला जा, मोरपंखी नेस नाही तर तपकिरी, तुझं नाव कुणी घेतलं की मध्ये बिरप्पा येणारच. तू त्यांना विसरलीस असं म्हणायची कुणाची छाती आहे?

पायल संध्याकाळच्या गाडीनं परत फिरेल. तिच्याजवळ हो किंवा नाही, काय ते सांग. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, ब्लाउजही परत मागणार नाही. फक्त एक गोष्ट या पत्रात लिहायची नाही असं सकाळपासून ठरवलं होतं, ती आता राहवत नाही म्हणून लिहिते. तू येणार नसलीस, तर मीसुद्धा जाणार नाही.

तुझीच,
गोजरअक्का