बेनेडिक्टासाठी कबूतर

३ जून
गावच्या सभेत बोललो. आमच्या सिंबू डोंगराळ मुलखाचं रान रिकामं झालं ते बंदुकीमुळे. एक बार उडाला की आठवडाभर पाखरू फिरकत नाही. शिकार करायची तर धनुष्यानंच. टाळ्या पडल्या. मेहुणा वामिल मागून म्हणाला, दाजी, तुम्ही शेवटचा बाण कधी मारलात? तीस वर्षं शाळेत खडू धरला म्हणून माझा हात विसरतो की काय. 

५ जून
बायकोला, बेनेडिक्टाला, कुंडियावाच्या इस्पितळातून घरी आणलं. नर्स म्हणाली, आता मागतील ते द्या. माझ्या मते चांगलं लक्षण. पथ्य सुटलं. तिनं रानकबुतराचा रस्सा मागितला, आलं घालून. म्हटलं, उद्याच.

६ जून, दुपार
पहाटेपासून फळं लागलेल्या झाडाखाली दबा धरला. चार कबुतरं आली. नेम अचूक होता. कबूतर सरकलं.

८ जून
वारा. दोन बाण सोडले, एक सापडला. हात बसतोय. तिनं विचारलं, आज? म्हटलं, उद्या नक्की. रताळ्याचे दोन घास खाल्ले तिनं.

९ जून
वामिल दोन कबुतरं घेऊन आला. बंदुकीची. म्हणाला, दाजी, सभेचं सभेत राहू द्या, ताईला खाऊ द्या. परत पाठवली. माणसानं शब्द पाळावा. बेनेडिक्टा भिंतीकडे तोंड करून झोपली. दमली असावी.

११ जून
जवळजवळ लागलाच. एक पीस पडलं, करडं. तिला नेऊन दाखवलं. हसली. म्हणाली, मास्तर, पिसाचा रस्सा होत नाही.

१३ जून
खांदा धरलाय. आज विश्रांती, म्हणजे उद्या जोर येईल. तिनं पाणीही नको म्हटलं.

१४ जून, सकाळ
वामिलकडे गेलो. म्हटलं, एखादं कबूतर असलं तर. वाटलं, टोमणा मारेल. त्यानं बंदूक घेतली आणि चढाला लागला. तासाभरात आला.

दुपार
आलं ठेचून रस्सा मीच केला. चमचा ओठांना लावला. तिला गिळता येईना. नुसता वास घेतला. म्हणाली, छान झालाय, तुम्ही खा. वामिल दारात उभा होता.

खाल्ला. दाताखाली छर्‍याचा दाणा आला. तिच्यादेखत थुंकवेना. गिळला.