लाल दिवा आणि घरची हळद

४ जानेवारी १९९९
लातूरच्या क्लासच्या जनरेटरचा लाल दिवा लागला. खाली इंग्रजीत 'लो कूलंट', म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी कमी. दोन तांबे ओतले, दिवा विझला. मिस्त्री लागला नाही. अमृतराव सरांचं हे इंजिन मी सांभाळतो म्हणून तर धाकट्या बहिणीची, मुबश्शिराची, बारावीची फी माफ आहे. तिचं डॉक्टर होणं माझ्या हातात आहे.

७ जानेवारी
दिवा पुन्हा. निष्कर्ष : पाणी भरपूर आहे, दिवाच नाजूक आहे. वायर काढून पॉलिश पेपरने घासली. काम सुबक झालं.

९ जानेवारी
दिवा लागलाच. वॉचमन भुजंगमामा म्हणाले, "खाली ओलं होऊन राहिलंय, बघ की जरा." रेडिएटर ठिबकतोय. हे मला माहीत होतं, फक्त पाहिलं नव्हतं. सरांनी विचारलं, शरणप्पा मिस्त्रीला बोलवू का? किरकोळ आहे म्हणालो. मिस्त्री आला की सरांना वाटणार, मग हा कशाला? आणि मग फी?

१२ जानेवारी, दुपार
उपाय सापडला! आमच्या भोकरच्या नाक्यावर रेडिएटर गळला की ट्रकवाले आत चिमूटभर हळद टाकतात. ती जाऊन भोकात बसते. पण चिमूट ट्रकला. आपलं इंजिन मोठं. अम्मीने पाठवलेल्या हळदीचा अख्खा डबा रिकामा केला. मुबश्शिरा म्हणाली, "भाईजान, इंजनकी शादी है क्या?" दुर्लक्ष केलं.

१३ जानेवारी
गळती बंद. दिवा बंद.

१९ जानेवारी
दिवा नाही, तांबे नाहीत. इंजिन तापलं की फोडणीसारखा वास येतो, तो चांगलाच आहे. मुबश्शिराचं एकच, झाकण उघडून आत बघ तरी. तिला समजावलं, आतच बघायचं तर कंपनीने दिवा कशाला दिलाय? सरांनाही कळवलं. ते "बरं" म्हणाले. त्या 'बरं'मध्ये समाधान होतं.

२४ जानेवारी
संध्याकाळी सराव परीक्षा. लाइट गेली, इंजिन लावलं. दुसऱ्या प्रश्नाला दणका बसला, पत्र्याचं शेड हादरलं, अंधार. "भूकंप! भूकंप!" सगळा वर्ग मैदानात. त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेला औशाकडचा एक पोरगा भिंत सोडेना, त्याला भुजंगमामांनी कवेत घेऊन बाहेर आणलं. मी ओरडत होतो, भूकंप नाही, जनरेटर आहे. कुणीही परत आत जाईना.

२५ जानेवारी
शरणप्पा आला. रेडिएटर हळदीच्या गाळाने गच्च, पाणी उकळून उडालेलं, इंजिन जाम. पाणी कमी झालं की खाली येऊन दिवा लावणारा फ्लोट हळदीत वरच चिकटलेला. म्हणून दिवा विझला होता. शरणप्पा म्हणाला, "अरे, ते बोंबलू लागलं तर तू त्याचं तोंडच बांधलास की!"

सरांकडे गेलो. म्हणालो, मला काढा, पण मुबश्शिराची फी माफच ठेवा. सरांनी मला समोर बसवलं. मग म्हणाले, "तिची फी तुझ्यामुळं माफ न्हाई रे. बोर्डात आलेली पोरगी हाय ती. तुझी अम्मी तिला एकटीला लातूरला ठेवायला तयार न्हवती, म्हणून तुला संगं ठेवून घेतलं."

मी विचारलं, मग जनरेटर?

"तुला दिवसभर काहीतरी काम नको का?"

उद्यापासून वर्गाबाहेर मुलांच्या चपला रांगेत लावायच्या आहेत.