मथुराकाकीचं ताट

लंडन, ४ मार्च १९८४

ति. मालनअक्कास,
महारुद्रचा लांबूनच पायावर हात.

थंडी सोसवते, भाकरी थापायला शिकलोय, काळजी नसावी. आईचा गुडघा कसा आहे?

आता माझं काम सांगतो. आपल्या रक्तात टी पेशी असतात, रोग ओळखून त्याच्यावर धावून जाणाऱ्या. नळीत त्या पेशींवर आम्ही महारोगाचे मेलेले जंतू टाकतो आणि सहा दिवस वाट बघतो. काहींच्या पेशी चवताळून वाढतात. रोग अंगभर पसरलेल्यांच्या मात्र निपचित पडून राहतात. असं का, ते अजून कुणालाच नीट उमगलेलं नाही.

परवा नळी हातात असताना मथुराकाकी आठवली. धोंडीबाकाकांना महारोग झाला तेव्हा गावानं त्यांना तेरणेकाठी झोपडीत ठेवलं, तर ही मागोमाग गेली. ते जाईपर्यंत बारा वर्षं त्यांच्याच ताटात जेवली. "मला काय धाड भरलीय?" म्हणायची. आणि खरंच भरली न्हाय! तिच्या पेशींत असं काय असेल, अक्का? ती थोडं रक्त देईल का? विचारून बघ. सोसायटीत तिचं दूध अजून नाकारतात का, तेही कळव.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून मिळालेली सुकडी तिनं माझ्या हातावर ठेवली होती. मला लई भूक होती. तरी वळणाआड जाऊन ती मी कोरड्या तेरणेत फेकली.

रक्ताचं तिला एवढ्यात विचारू नकोस. आधी मी येऊन तिच्या ताटात जेवतो.

तुझा,
महारुद्र