लहान आतड्याचा फोटो

मंगळवार, १७ जून
पुन्हा तेच! हिमोग्लोबिन घसरलं, वजन घसरलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘पथ्य काटेकोर पाळताय ना?’

सिलिॲक – गहू न सोसण्याचा आजार – निघाल्यापासून गव्हाचा कण पोटात नाही. पोळी, पाव, रवा, बिस्किट – सगळं बंद. सिलिॲकची रक्ततपासणी नॉर्मल आहे म्हटलं, तर म्हणे, ‘थोडंथोडं खाल्लं तर रक्तात दिसत नाही कधीकधी.’

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून अभय – ‘लग्नाकार्यात होत असेल हो थोडंफार.’

माझा नवरा! माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसून!

गुरुवार, १९ जून
अभयशी बोलणं बंद केलंय. त्याला अजून कळलेलं नाही.

रविवार, २२ जून
कसबा पेठेत सासूबाईंकडे जेवायला. मी माझी ज्वारीची भाकरी डब्यातून नेलेली. ‘अगं, अर्धी पोळी घे, कोण बघतंय!’ – सासूबाई. लगेच अभय – ‘इथे नाही खाणार ती. घरी गेल्यावर, गुपचूप.’ सगळे हसले. मीही हसले. माझ्या त्या हसण्याचाच राग जास्त येतोय.

भाकरी निम्मीच गेली. पोट पिळवटून आलं. बाथरूममध्ये जाऊन सगळं ओकले. बाहेर आले तर सासूबाई दारातच – ‘काल बाहेर काय खाल्लंस?’

बुधवार, २५ जून
डॉक्टरांनी एमआर स्कॅन सांगितलाय. तोंडातून घालतात ती दुर्बीण लहान आतड्याच्या तोंडाशीच थांबते. पुढचं सगळं न बघितलेलंच. अभय म्हणाला, ‘होऊन जाऊ दे. शंका नको.’ कुणाची शंका, ते नाही बोलला.

सोमवार, ३० जून
स्कॅन झाला. उपाशीपोटी गोडसर, बुळबुळीत पाणी प्यायचं – मोठाले जग भरभरून! आतडी फुगली की नीट दिसतात म्हणे. शेवटचे घोट घशाखाली उतरेनात. तिथली रुपाली नावाची मुलगी पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘ताई, एवढं संपवा, नाहीतर परत यावं लागेल.’ इतक्या दिवसांत पाठीवर हात ठेवणारी ती एकटीच.

मग आतड्यांची हालचाल थांबवायचं इंजेक्शन. पालथं झोपवलं. ‘श्वास सोडा. धरून ठेवा.’ यंत्राची ती ठणठण! आणि माझ्या मनात एकच – दिसू दे. काहीतरी दिसू दे, ह्या सगळ्यांची तोंडं बंद होतील असं.

परतताना गाडीत अभय – ‘आता तरी खरं सांग.’ सिग्नल लागला होता. दार उघडून उतरले. कर्वे पुतळ्यापासून चालत घरी आले. पोटात ते सगळं पाणी डचमळत होतं.

गुरुवार, ३ जुलै
दिसलं!! लहान आतड्याच्या एका भागात भिंत जाड झालीय, वाट आवळलीय. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. ‘नुसतं पथ्य मोडून असं होत नाही. मी तुमच्यावर शंका घेतली, चुकलंच.’ मी मुद्दाम अभयकडे वळून बघितलं. मान खाली. काय गार वाटलं म्हणून सांगू!

सासूबाईंना मीच फोन लावला. ‘दिसलं हो फोटोत!’ – पेढे वाटावेत तशा आवाजात.

आता लांब दुर्बीण घालून तपासायला तुकडा काढणार आहेत. अभय म्हणाला, ‘वल्लरी, सॉरी.’
म्हटलं, ‘आईंच्या समोर म्हण.’

मंगळवार, १५ जुलै
तुकड्याचा रिपोर्ट आला. लिम्फोमा. कॅन्सर.

अभय हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडत होता. मी नुसती उभी.

खाल्लं असतं मी चोरून तर! पोळ्या, पाव, पोटभर. डॉक्टर ओरडले असते, मी बंद केलं असतं, बरी झाले असते.

अभयचंच खरं असायला हवं होतं.